लॅपटॉपवर विंडोज पुन्हा बसवितांना

लॅपटॉप मंद चालूं लागला, मधेंच अडखळूं लागला, कीं घरांतील कोणी तरी सुचवितो, ‘विंडोज पुसून पुन्हा बसवा.’ सल्ला वाईट नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि त्या सुमारास तर पुष्कळ घरांत हाच उद्योग निघाला. पेन ड्राइव्हवर विंडोज ११ घ्यावें, त्यावरून यंत्र सुरू करावें, पडद्यावरील ‘पुढें’ हें बटण दाबीत जावें आणि तासाभरांत यंत्र नव्यासारखें व्हावें, असा या कामाचा सरळ क्रम आहे. तो मधेंच अडला म्हणजे मात्र मोठी पंचाईत होते. जुनें विंडोज सुरू होत नाहीं, नवें बसत नाहीं. आणि मुलीचा अर्धवट लिहिलेला प्रबंध, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं छायाचित्रें, आयकराचीं कागदपत्रें हीं सर्व त्या बंद पेटींत अडकलेलीं असतात.

अशा प्रसंगीं मनुष्य घाबरून दिसेल तें बटण दाबूं लागतो. यंत्राच्या बिघाडापेक्षां या घाईनेंच अधिक नुकसान होतें. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरील मजकूर चुकून पुसला तरी पुष्कळ वेळां परत मिळे. कारण पुसली जाई ती अनुक्रमणिका, पानें तशींच राहत. हल्लींच्या लॅपटॉपांत एसएसडी असते, तिचा स्वभाव निराळा आहे. तिच्यावरील विभाग फॉरमॅट केला कीं ‘ट्रिम’ नांवाची आज्ञा सुटते, आणि रिकाम्या ठरलेल्या जागा डिस्क स्वतःच झाडून टाकते. मग कुशल कारागिराच्याहि हातीं सहसा कांहीं लागत नाहीं. म्हणून आंतील मजकूर सुरक्षित बाहेर येईपर्यंत ‘डिलीट’ व ‘फॉरमॅट’ या दोन बटणांच्या वाटेस जाऊं नये. त्यापेक्षां काम नेमकें कोठें अडलें, तें शांतपणें पाहावें.

पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरूच होत नसेल, तर संशय प्रथम पेन ड्राइव्हवरच घ्यावा. तो निदान ८ जीबीचा हवा. कित्येक जण विंडोजच्या फाइली हातानें त्यावर उतरवितात. परंतु ‘फॅट ३२’ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाहीं, आणि विंडोजची मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. मायक्रोसॉफ्टचें मीडिया क्रिएशन टूल वापरल्यास हा घोळ होत नाहीं. पेन ड्राइव्ह निवडण्याचें बटणहि प्रत्येक कंपनीचें वेगळें; डेल आणि लेनोवो यांत बहुधा एफ १२, एचपींत एफ ९. ‘या यंत्रावर विंडोज ११ चालणार नाहीं’ असा निरोप आला, तर टीपीएम २.० ही सोय बायोसमध्यें बंद तर नाहीं ना, हें पाहावें. नव्या यंत्रांतून ती असते. नुसती चालू केलेली नसते.

खरी फसगत होते ती याच्या पुढच्या पायरीवर. विंडोज कोठें बसवावयाचें असें विचारणारा पडदा येतो, आणि त्यावर डिस्कचें नांवच नसतें! एकहि ड्राइव्ह सांपडला नाहीं, एवढें वाक्य तेवढें दिसतें. कालपर्यंत चालणारी डिस्क आज गेली, असा ग्रह होणें स्वाभाविक आहे. एखादा दुकानदारहि नवी डिस्क घेण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो. पैसे मोजण्यापूर्वीं एक परीक्षा अवश्य करावी. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतांना बायोसमध्यें शिरावें. विंडोजच्याहि आधीं जागी होणारी ही यंत्राची मूळ व्यवस्था. तेथील यादींत डिस्कचें नांव दिसत असेल, तर डिस्क बहुधा जिवंत आहे. अडचण आहे ती विंडोजला ती दिसत नाहीं, एवढीच. तेथेंहि नांव नसेल, तर मात्र डिस्क निखळलेली तरी असावी किंवा खरोखरच निकामी झालेली असावी, आणि काम कारागिराचें आहे.

डिस्क असून न दिसण्याचें कारण सांगण्यासारखें आहे. २०२० सालीं आलेल्या इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आणि यंत्र यांच्यामध्यें ‘व्हीएमडी’ नांवाचा एक मध्यस्थ बसविलेला असतो. त्याच्याशीं बोलण्याची भाषा, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, पेन ड्राइव्हवरील विंडोजपाशीं पुष्कळ वेळां नसतो. उपाय सोपा आहे. दुसऱ्या संगणकावरून लॅपटॉपच्या कंपनीच्या स्थळावर जावें, आपल्या मॉडेलचा ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ हा ड्रायव्हर उतरवावा, उलगडून त्याचा फोल्डर त्याच पेन ड्राइव्हवर ठेवावा, आणि त्या रिकाम्या पडद्यावरील ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो दाखवावा. क्षणांत डिस्क प्रगट होते. (उलगडावयाचें राहून गेलें तर फोल्डर रिकामा दिसतो, आणि उपायच खोटा असें वाटतें.)

व्हीएमडी बायोसमध्येंच बंद करावी, असा दुसरा उपाय लोक सुचवितात. त्यानेंहि डिस्क दिसते. परंतु जुनें विंडोज अजून डिस्कवर असेल, तर तें त्या बदलानंतर निळा पडदा दाखवून थांबतें. सुदैवानें व्हीएमडी पुन्हा चालू केली कीं तें पूर्ववत् होतें.

बायोसमधील असल्या फेरफारांनीं आणखी एक पहारेकरी जागा होतो. त्याचें नांव बिटलॉकर. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर कुलूपबंदच असतो, आणि मालकाला त्याची वार्ताहि नसते. मूळ व्यवस्थेंत बदल दिसतांच तो ४८ आंकडी किल्ली मागतो. लॅपटॉप प्रथम सुरू करतांना ज्याचें मायक्रोसॉफ्ट खातें वापरलें, त्याच्या खात्यांत ती बहुधा जपलेली असते. आणि पुष्कळ घरांत तें खातें एखाद्या उत्साही भाच्याचें निघतें! तेव्हां बायोसला हात लावण्यापूर्वीं ती किल्ली शोधून कागदावर उतरून ठेवावी. ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनहि प्रबंध व छायाचित्रें दुरावलींच म्हणावयाचीं.

जुन्या लॅपटॉपांत डिस्क दिसते, पण ती ‘एमबीआर’ पद्धतीची आहे, ‘जीपीटी’ हवी, म्हणून विंडोज अडून बसतें. इंटरनेटवर त्यावर चटकन् सांगितली जाणारी ‘क्लीन’ ही आज्ञा सबंध डिस्क साफ करते, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. न पुसतां रूपांतर करणारें ‘एमबीआर टू जीपीटी’ हें साधन २०१७ पासून विंडोजमध्येंच आहे. पण तेंहि मजकूर बाहेर काढल्यावरच वापरावें.

मजकूर बाहेर काढावयाचा तो असा. दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उबंटू ही फुकट मिळणारी सिस्टिम घ्यावी आणि यंत्र तीवरून सुरू करावें. ‘इन्स्टॉल’ न निवडतां ‘ट्राय’ निवडावें. मग ती पेन ड्राइव्हवरूनच चालते, डिस्कवर कांहीं लिहीत नाहीं. डिस्क उघडून हव्या त्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवाव्या. बिटलॉकर असेल तर येथेंहि तीच किल्ली लागते. उतरविलेल्या फाइलींपैकीं चार-दोन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या, मगच जुन्या डिस्कचा निरोप घ्यावा.

यानंतर विंडोज बहुधा निमूटपणें बसतें. तें परवान्याची किल्ली मागेल, तेव्हां ‘किल्ली नाहीं’ ही ओळ निवडावी. पूर्वींचा परवाना यंत्राच्या मदरबोर्डशीं जोडलेला असतो. इंटरनेट मिळतांच त्याची ओळख पटते. मात्र पूर्वीं ‘होम’ असेल तर ‘होम’च बसवावें, हौसेनें ‘प्रो’ निवडल्यास ओळख पटत नाहीं. शेवटीं वायफायचें चिन्ह दिसलें नाहीं, तर तोहि ड्रायव्हरचाच अभाव. अँड्रॉइड फोन केबलनें जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलें कीं इंटरनेट मिळतें, आणि राहिलेले ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून उतरूं लागतात.