पाणलोटाचा कारभार कोणाकडे असावा?
(चुडावा येथील सभेत झालेले भाषण)



दुष्काळपीडितांस धान्य व गुरांस वैरण देण्याचे काम आपल्या आश्रयाने चालूच राहील. आजची याचना निराळी आहे. शिवारातील पाणी माथ्यापासून अडवावयाचे आहे. आणि आपला पैसा कचेरीच्या आराखड्याप्रमाणे खर्च व्हावा की गावाच्या, असा प्रश्न आपणांपैकी कित्येकांनी केला आहे.

मुंबई इलाख्यात सन १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला व अवर्षणाच्या मुलखात समतल बांध पडले. हलक्या जमिनीस त्यांचा गुण आला. खोल काळ्या जमिनीत मात्र बांधाआड पाणी तुंबून पीक पिवळे पडे. उन्हाळ्यात त्याच बांधास भेगा जात व पुढच्या जोराच्या पावसात तो फुटे. आपली पूर्णा-गोदेच्या खोऱ्यातील काळी याच जातीची. शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. एकाच नमुन्याच्या आराखड्यास ते उमगत नाही.

पुढे सन २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान निघाले. त्यावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. महालेखापरीक्षकांनी १२० गावे तपासली. पैकी ८३ गावांत साठलेले पाणी पिण्यास व पिकांस पुरेसे नव्हते, असे सन २०२० मध्ये पुढे आलेल्या अहवालात नमूद आहे. पैसा थोडा होता असे कोण म्हणेल?

उलट जालना जिल्ह्यातील कडवंचीस सन १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची मदत मिळाली, सल्ला बाहेरचा होता, पण गावाने श्रमदान केले. तेथे आज द्राक्षबागा आहेत. अहिल्यानगरकडील हिवरे बाजारात ग्रामसभा दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविते, आणि शेतीसाठी विंधणविहीर खोदू देत नाही. असा निर्बंध वरून आला असता तर तो कोणी पाळला असता, याची मला शंका आहे.

तथापि गाव सर्वस्वी शहाणे असते, असेही नव्हे. ओढा गावाची शीव मानीत नाही. वरच्याने अडविले की खालच्याची विहीर आटते. आणि नेमका बांध मोठ्या बागाइतदाराच्याच विहिरीजवळ कसा पडतो, हे येथे बसलेल्या जमीनदार मंडळींस मी काय सांगावे! म्हणून मोजणी, नकाशे व दोन गावांमधील तंटे सरकारकडे असावेत. बांध कोठे घालावा, कोणते पीक घ्यावे व दुरुस्ती कोणी करावी, हे ग्रामसभेने ठरवावे.

तरी व्यापारी गृहस्थांस विनंती की, देणगीचा एक भाग केवळ दुरुस्तीसाठी ठेव म्हणून राखावा व त्याचा हिशेब चावडीवर वाचावा. जमीनदारांनी बांधात जाणाऱ्या पट्टीस लेखी संमती द्यावी, आणि ती पेरणीपूर्वी द्यावी.