परिषदेच्या दाराबाहेर कोण राहतं?
(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी संगणक क्षेत्रात काम करते. आमच्याकडे आंतरराष्ट्रीय परिषदेला जाणं ही चैन नसते. तिथे निबंध वाचला, चार ओळखी झाल्या, की पुढचं काम मिळतं. म्हणून तिथे कोण पोचतं आणि कोण नाही, हा स्त्रियांचाही प्रश्न आहे.

२०१८ साली माँट्रियलला 'न्यूरिप्स' ही कृत्रिम बुद्धिमत्तेवरची मोठी परिषद भरली. तिथल्या 'ब्लॅक इन एआय' कार्यशाळेला निघालेल्या अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाचा व्हिसा मिळाला नाही. हा गट टिमनिट गेब्रू आणि रेडिएट अबेबे या दोघींनी उभा केलेला. २०१९ला व्हँकुव्हरच्या वेळी पुन्हा तेच घडलं.

अमेरिकेचा कायदा तर पाहुणा म्हणून जाणारा अर्जदार कायमचा राहायलाच येतोय, असं गृहीत धरतो. तसं नाही, हे आपण पटवायचं. कशाच्या जोरावर? घर, जमीन, पगार, बँकेतली शिल्लक. आता सांगा, आपल्यापैकी किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे? नियम सगळ्यांना सारखा, पण मालमत्ता पुरुषाच्या नावावर असेल तर तो बाईलाच जड जातो. एका देशाच्या व्हिसासाठी मुलाखत देताना मला लग्नाबद्दल विचारलं, निबंधाबद्दल एक शब्द नाही.

शिवाय भीती आहेच. २०१९पासून अमेरिकेच्या अर्जात पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात. विमानतळावर फोन तपासला जाऊ शकतो. कार्यकर्तीच्या फोनमध्ये मदत मागायला आलेल्या बायकांचीही गुपितं असतात. म्हणून काहीजणी अर्जच करत नाहीत. नाकारलेले अर्ज मोजता येतात, न केलेले कोण मोजणार?

पण आवाज उठवला की फरक पडतो. 'आयसीएलआर' ही याच विषयातली परिषद २०२३ साली रवांडातल्या किगालीत भरली. २०२५ला 'न्यूरिप्स'ने सॅन दिएगोबरोबर मेक्सिको सिटीतही जागा ठेवली.

तेव्हा आयोजकांकडे आपण लेखी मागू या: निमंत्रणपत्र काही महिने आधी द्या. व्हिसा नाकारला तरी फी भरून द्या. दुरून वाचलेल्या निबंधाला तोच मान द्या. आणि जागा ठरवतानाच विचारा, इथे कोणाला येता येणार नाही?

उरलेली मागणी घरात करायची आहे. सातबाऱ्यावर आपलं नाव लागलंच पाहिजे.