एचआयव्हीबाधित बालकांचे औषधोपचार
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीमंत राष्ट्रांत एचआयव्हीबाधित बालके जन्मास येणे जवळजवळ थांबले, तेव्हा लहान मुलांसाठी औषध तयार करण्यात कंपन्यांना फारसे स्वारस्य उरले नाही. प्रौढांच्या गोळ्यांचे तुकडे करून ते मुलांना देण्याचा प्रघात पडला. मुलांसाठी योग्य औषध कोणते, हे शोधण्याचे काम त्यामुळे आपल्यासारख्या देशांवर येऊन पडले.

त्या कामात आपल्या शेजारच्या पुण्याचाही वाटा आहे. भारत व आफ्रिकेतील सहा देशांत तीन वर्षांपर्यंतच्या बालकांवर झालेल्या एका चाचणीत पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय सहभागी होते. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. नेविरॅपीन हे स्वस्त औषध घेणाऱ्या सुमारे ४१ टक्के बालकांत २४ आठवड्यांत उपचार निष्फळ ठरले वा थांबवावे लागले. लोपिनाविर घेणाऱ्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. निर्णय सोपा वाटतो. परंतु लोपिनाविरचे पातळ औषध अतिशय कडू, त्यात मद्यार्काचे प्रमाण मोठे, आणि साठवणही थंड जागी करावी लागे. जत किंवा माणमधील वाडीवस्तीवर हे कसे जमावे?

पुढे डोल्युटेग्राविर आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९६ आठवड्यांत ते १४ टक्के मुलांत निष्फळ ठरले, तर जुन्या उपचारांत हे प्रमाण २२ टक्के होते. त्याची पाण्यात विरघळणारी गोळी चार आठवड्यांच्या तान्ह्यासही देता येते. मात्रा मात्र वजनावर ठरते. मूल वाढले आणि मात्रा तीच राहिली, तर औषध अपुरे पडते. नातवंडे सांभाळणाऱ्या आजीस हे कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे.

खरी अडचण त्याआधीची आहे. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये अठरा महिन्यांपर्यंत बाळाच्या रक्तात राहू शकतात; म्हणून नेहमीच्या चाचणीवर तोवर विसंबता येत नाही. सहाव्या आठवड्यात कागदावर वाळविलेला रक्ताचा थेंब प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतील २००८ च्या अभ्यासात, बाधा कळताच औषध सुरू केलेल्या तान्ह्या बालकांतील मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. आपल्याकडे बाळंतपण माहेरी होते. आईची नोंद सासरच्या तालुक्यात, बाळ माहेरच्या तालुक्यात, आणि सहावा आठवडा दोन्ही नोंदवह्यांच्या मध्ये निसटून जातो. एका आरोग्य सेविकेने दुसरीस वेळीच कळविले, तर तो निसटणार नाही.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ पासून अंमलात आहे. बाधित मुलास शाळाप्रवेश नाकारणे, किंवा त्याची बाधा संमतीवाचून उघड करणे, त्यास मान्य नाही. आईवडील नसलेल्या घरात बारा वर्षांवरील समंजस भावंड धाकट्यांच्या शाळाप्रवेशासाठी व उपचारासाठी पालक म्हणून उभे राहू शकते. असे मूल धाकट्या बहिणीचा हात धरून कार्यालयात आले, तर ‘मोठ्या माणसाला घेऊन ये’ असे सांगून त्यास परत पाठवू नये. सांगली वा साताऱ्याच्या एआरटी केंद्रात औषधासाठी जाण्याच्या दिवशी गैरहजेरीचे कारण त्यास सर्व वर्गासमोर विचारू नये.