शंकूची छाया आणि मुलांचे कुतूहल

(मठाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



मुलांच्या ठायी विज्ञानाची गोडी कशी उत्पन्न करावी, हा विषय मला नेमून देण्यात आला आहे. आयुष्य शिक्षकाच्या पेशात गेल्यामुळे मला त्याचा अधिकार आहे, असे कोणी मानील. म्हणून प्रथम एका अपराधाची कबुली देतो.

कित्येक वर्षांपूर्वी याच प्रांगणात माध्यान्हपूजेच्या वेळी माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "मास्तर, बारा वाजून गेले, तरी दीपस्तंभाची सावली अजून आखूडच होते आहे, ती का?" मी उत्तरलो, "देवाच्या दारी असले प्रश्न विचारू नयेत." खरे सांगावयाचे तर देवाचा मान राखण्यासाठी नव्हे, माझे अज्ञान झाकण्यासाठी मी तसे बोललो. त्या मुलाने मला पुन्हा कधी काही विचारले नाही.

त्याचे निरीक्षण बिनचूक होते. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवितात. गोवा सुमारे ७४ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटे या हिशोबाने आपला खरा मध्यान्ह सरासरीने १२ वाजून ३४ मिनिटांनी होतो. शिवाय पृथ्वीची कक्षा दीर्घवर्तुळ आणि तिचा आस कललेला, म्हणून तो नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८ च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४८ च्या सुमारास येतो.

हे मुलास सांगून समजत नाही, करून समजते. साहित्य अगदी थोडे लागते. सपाट जागी बारा अंगुळांची सरळ काठी ओळंबा लावून उभी करावी. तिच्या बुडाभोवती वर्तुळ काढावे. सकाळी छायेचे टोक वर्तुळास जेथे शिवेल तेथे एक खूण व दुपारनंतर दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा ही पूर्वपश्चिम दिशा. कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी दिक्साधनाची हीच रीत आहे. सूर्याकडे मात्र मुलांनी कधीही उघड्या डोळ्यांनी पाहू नये, छायेकडेच पाहावे.

विषुवदिनी या बारा अंगुळांच्या शंकूची मध्यान्हछाया, जिला आपले ज्योतिषी पलभा म्हणतात, गोव्यात सुमारे सव्वातीन अंगुळे भरते, बडोद्यास सुमारे पाच. मठाचा शिष्यवर्ग दूरदूर विखुरलेला आहे. ही आपली सोयच समजावी. येथील आणि बडोद्याच्या मुलांनी एकाच दिवशी छाया मोजून पत्राने कळवावी. दोन्हीकडील सूर्यकिरणांच्या कोनांत सुमारे ६.९ अंशांचा फरक निघेल. दक्षिणोत्तर अंतर सुमारे ७६५ किलोमीटर आहे. त्रैराशिक मांडताच पृथ्वीचा परीघ सुमारे ४० हजार किलोमीटर येतो. मोजण्यात चूक झाली तर उत्तरही चुकेल. ती चूक कोठे झाली हे शोधणे, हाच खरा पाठ होय. मे महिन्याच्या आरंभी गोव्यात एके मध्यान्ही शंकूची छाया नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या उत्तरेस असलेल्या ग्वाल्हेरीत तसे कधीच घडत नाही. का, ते मुलांनाच शोधू द्यावे.

पालकांना एक विनंती. हल्ली शाळेसाठी बाजारातून तयार 'प्रकल्प' आणला जातो, अथवा वडील रात्र जागून तो करतात. त्यामुळे बक्षीस मिळेल, पण मूल रिकामे राहील. वाकडी काठी चालेल; ती त्याच्या हातची असावी. आणि प्रश्नाचे उत्तर आपणांस येत नसेल, तर "मला ठाऊक नाही, चल, आपण पाहू," असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. ही दोन वाक्ये त्या दिवशी मला सुचली असती तर!

शेवटी श्रीस्वामीमहाराजांच्या चरणी एक प्रार्थना. प्रांगणाच्या एका कोपऱ्यात दगडी चौथऱ्यावर शंकू उभारण्याची अनुज्ञा व्हावी, आणि वर्षभर मुलांनी त्याच्या छायेची नोंदवही ठेवावी. पूजेची वेळ घड्याळाप्रमाणेच चालू द्यावी. त्यात बदल सुचविण्याचा माझा हेतू नाही. परंतु घंटा वाजत असता एखाद्या मुलाने सावलीकडे बोट दाखविले, तर यापुढे त्यास कोणी गप्प करू नये, इतकेच मागणे आहे.

श्रीकृपा सर्वांवर असो.