बारांनी गुणायच्या अनेक वाटा

१३५ ला १२ ने गुणा. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तले हे उदाहरण. उत्तर एकच, १६२०. पण तिथवर जाण्याच्या वाटा त्यांनी अनेक दाखवल्या.

बाराचे आठ आणि चार असे खंड पाडले, की १०८० आणि ५४० यांची बेरीज करायची. नाहीतर आधी चारांनी, मग तिनांनी गुणायचे.

सर्वांत देखणी वाट मात्र मुद्दाम वळसा घेते. बारात आठ मिळवून वीस करायचे. १३५ गुणिले २०, म्हणजे २७००, हे तोंडीच येते! मग जास्तीची आठपट, १०८०, वजा करायची.

पुढे चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या अशा ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. तिथला शिलालेख तसे सांगतो.