घाई नको, टाळाटाळही नको
(न्यासाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दरवर्षी या सभेत आपण खाटा, शस्त्रक्रिया आणि शिबिरे यांचा हिशेब ऐकता. आज आम्ही जो विषय मांडत आहोत, तो अहवालाच्या कोष्टकात बसणारा नाही. कधीतरी एखादे आईवडील बाह्यरुग्ण विभागातील गर्दी ओसरेपर्यंत थांबतात, आत येऊन दार लोटून घेतात आणि हलक्या आवाजात सांगतात, "डॉक्टर, आमची मुलगी म्हणते, मी मुलगा आहे." पुढचा प्रश्न दोहोंपैकी एक असतो : "एका ऑपरेशनात होऊन जाईल का?" किंवा "लग्न लावून दिले की विसरेल ना?" दोन्ही प्रश्नांमागील इच्छा एकच. हे प्रकरण लवकर मिटावे!

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले आहे. माजलगाव तालुक्यातील राजेगावचे श्री. ललित साळवे बीड पोलीस दलात महिला शिपाई म्हणून रुजू झाले होते. वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात वाय गुणसूत्र आढळले. सन २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. स्त्री व पुरुष शिपायांच्या भरतीचे निकष निराळे असल्याने ती प्रथम नाकारली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले; न्यायालयाने सेवेविषयीची बाब म्हणून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगितले. अखेर मे २०१८ मध्ये परवानगी मिळाली व त्याच महिन्यात मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढील शस्त्रक्रिया टप्प्याटप्प्याने झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये ते पिता झाले. वृत्तपत्रांत हे एका रकान्यात मावले. जगताना मात्र त्याला सहा वर्षांहून अधिक काळ लागला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रत्येकाच्या तपासणीत असे काही सापडतेच असे नाही. बहुतेकांची गुणसूत्रे व शरीररचना सर्वसाधारण असते. म्हणून त्यांचे सांगणे खोटे ठरत नाही. हा मानसिक आजारही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याला मानसिक विकारांच्या प्रकरणातून वगळण्यात आले आहे. 'औषध देऊन मन वळवा' अशी विनंती आम्हांस होते. असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळविले आहे.

मग वेळ कशासाठी लागतो? प्रथम मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशक यांच्याशी निवांत संवाद व्हावा लागतो. ती परीक्षा नसते. त्या व्यक्तीला काय हवे आहे आणि काय नको आहे, हे तिचे तिलाच स्पष्ट व्हावे, हा त्याचा हेतू. ज्याला हॉर्मोन हवे असतील त्याच्याशी उपचारापूर्वीच संततीविषयी बोलावे लागते, कारण पुढे प्रजननक्षमता घटू शकते. पुरुषी हॉर्मोनने आवाज काही महिन्यांत उतरू लागतो, पण दाढी भरण्यास काही वर्षे जातात. स्त्री हॉर्मोनने स्तनांची वाढ तीन ते सहा महिन्यांत सुरू होते व दोन-तीन वर्षे चालते. फुटलेला आवाज मात्र त्याने पूर्ववत होत नाही. डोस वाढविल्याने ही गती वाढत नाही, धोका वाढतो. दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने घेणाऱ्यांच्या रक्तात गुठळी होऊ शकते. पुरुषी हॉर्मोन घेणाऱ्याचे रक्त प्रमाणाबाहेर दाट होऊ शकते. म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी हवीच. आणि सर्वांनाच शस्त्रक्रिया हवी असते असेही नाही. कोणी नाव व पोशाख बदलून समाधानाने राहतो. त्याचा प्रवास अपुरा मानू नये.

परंतु धीर आणि टाळाटाळ यांत अंतर आहे, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. पुढची पायरी ठरलेली असेल तर तो धीर. 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हणून घरात तो विषय काढण्यास मनाई करणे ही टाळाटाळ. आणि तिची किंमत त्या मुलाला एकट्याने मोजावी लागते. उपचारास वेळ लागेल, पण आपल्या माणसाला त्याने निवडलेल्या नावाने हाक मारण्यास कोणत्याही अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

हे आम्ही स्वतःही चुकून शिकलो आहोत. एकदा आमच्या नोंदणी खिडकीवरून एका तरुणाला केसपेपरवरील जुन्या नावाने मोठ्याने पुकारले गेले. रांगेतील माणसे वळून पाहू लागली. तो उठला आणि तपासणी न करताच निघून गेला; पुन्हा आला नाही. महिनोन्महिने जपून जमविलेला विश्वास एका हाकेने गेला. तेव्हापासून आम्ही रुग्णाला आधी विचारतो, "आपल्याला काय म्हणून हाक मारू?"

दासोपंतांची पासोडी आपल्या अंबाजोगाईचे भूषण आहे. कापडाच्या त्या लांबलचक पटावर अक्षरामागून अक्षर लिहिले गेले. मधली ओळ गाळून शेवटाला पोहोचता येत नाही. येथेही तसेच आहे.

देणगीदारांना एवढीच विनंती. आपल्या देणगीतून उभे राहिलेले यंत्र दिसते, त्यावर नावाची पाटीही लागते. समुपदेशकाचा तासभर वेळ, वारंवारची रक्ततपासणी, मुंबईच्या रुग्णालयापर्यंतचे प्रवासभाडे यांवर पाटी लावता येत नाही. पण गरीब घरातील रुग्णाचे उपचार बहुधा तेथेच अडतात. आणि आईवडिलांना विनंती ही, की आपण दार लोटून घेऊन आलात तरी चालेल, परंतु मुलाला सोबत घेऊन या. पुढील वाट आपण मिळून, सावकाश चालू.