पाण्याचा हिशेब आणि पाण्याची वाटणी



नवे साधन माणसांना एकत्र आणते की वेगळे पाडते, हा प्रश्न त्या साधनापेक्षा ते कोणाच्या हाती आहे याच्याशी अधिक निगडित आहे. वाशीम जिल्ह्याचा पाण्याचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

2017 साली कारंजा तालुक्यातील गावे पानी फाउंडेशनच्या 'वॉटर कप' स्पर्धेत उतरली. या स्पर्धेत समपातळी रेषा आखण्यासाठी शिकविले जाणारे साधन अगदी साधे: दोन मोजपट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन टोकांना दोन माणसे उभी राहिल्यावाचून ते चालत नाही. पुढे 2018 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशीमचा समावेश झाला. त्यासाठी पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत मुंबईच्या आयआयटीने सिद्ध केली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती आणि पिकांना लागेल किती, असा हा गावाचा हिशेब.

या हिशेबाचे सामाजिक मोल मोठे आहे. एका हेक्टरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी येते. ते कोणाच्या सातबाऱ्याची हद्द पाळीत नाही. काळ्या मातीखालच्या बसाल्ट खडकाच्या भेगांत ते साठते. म्हणूनच एका शेतातील खोल बोअर शेजारची विहीर कोरडी करू शकते. हे परस्परावलंबन आकड्यांतून सर्वांना दिसू लागते.

परंतु आकडा वाटणी करीत नाही. श्रमदानात भूमिहीन मजूर व स्त्रियाही घाम गाळतात. सिंचनाचा लाभ मात्र ज्याची जमीन आणि ज्याचा पंप, त्यालाच मिळतो. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने याचे उत्तर दिले होते. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. तेथे संगणक नव्हता, समतेचा आग्रह होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी ताळेबंद नाकारू नये. तो कार्यालयातून ग्रामसभेत आणावा. रब्बीच्या पेरणीपूर्वी तो फळ्यावर मांडून मोठ्याने वाचला जावा. पिण्याचे पाणी राखून जे उरेल त्यात भूमिहीनांचा वाटा किती, हा प्रश्न त्याच सभेत विचारला जावा. तो विचारला गेला नाही, तर हिशेब अचूक होईल आणि अन्याय जागच्या जागी राहील.